एका बादलीतलं पॉलिश

गाडीला चमक आणायची असेल तर ती साध्या पाण्यानं धुवावी, फडक्यानं पुसावी आणि घरात येऊन गप बसावं, असं माझं अलीकडं मत झालं आहे.

हे मत सहजासहजी झालेलं नाही. त्यासाठी एक डाळिंबी रंगाची चारचाकी, आमच्या अण्णांची वाटीभर हळद आणि माझ्या धाकट्या भावाचं लग्न, एवढा ऐवज पणाला लागला होता. गाडी आणि हळद यांचं काय ते होवो, पण भावाचं लग्न म्हणजे चेष्टा नव्हे. तेही आमच्या बीड जिल्ह्यात, आणि तेही शेती करणाऱ्या भावाचं!

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचा गुन्हा नीट समजेल. नेकनूरला माझं औषधाचं दुकान आहे. औषधाचं म्हणजे पिकाच्या औषधाचं. खतं, बियाणं, फवारणीचं सगळं. शेतकरी खिशातून सुकलेलं पान काढून काउंटरवर ठेवतो, मी ते पान उजेडात धरतो, एकदा 'हं' म्हणतो आणि फळीवरून दोन-तीन बाटल्या उतरवतो. "हे, हे आन हे. तिन्ही एकाच पंपात कालवायचं. आन लिवलंय त्याच्यापेक्षा एक ढक्कन जास्तीचं टाका, काय होत न्हाई." ही माझी पद्धत. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची मला कधी गरज पडली नाही. पान पाहून रोग सांगणारा माणूस डबे वाचत बसत नसतो, असा माझा तोरा होता.

माझा धाकटा भाऊ विकास. शिकलेला, दिसायला माझ्यापेक्षा उजवा (हे आमची आई रोज सांगते, म्हणून मीच आधी सांगून टाकलं), सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. गावाबाहेर आमचं घर आहे, घरामागं सीताफळाची बाग आहे, ती एकटा सांभाळतो. सगळं गुणाचं. फक्त मुलीकडचे विचारायचे, "पोरगा काय करतो?" आणि आम्ही म्हणायचो, "शेती." की लगेच पाहुण्यांना आपली एस. टी. आठवायची. आमच्याकडं इतके पाहुणे चहा पिऊन गेले, की आईनं कपांचा एक वेगळा सेटच काढून ठेवला होता, बघायला येणाऱ्यांचा. त्यातल्या दोन कपांचे कान तुटले, पण लग्न काही जमेना. पुढं पुढं तर आईनं दुसऱ्यांच्या लग्नाला जायचंच बंद केलं. तिथं सगळे तिला एकच प्रश्न विचारायचे. विकास वरून हसायचा, पण संध्याकाळी बागेत एकटाच जाऊन बसायचा. मला ते बघून लई वाईट वाटायचं.

अशात सिरसाळ्याचं स्थळ आलं. मुलगी शेतीचंच शिकलेली, नाव अश्विनी. शेतकरी नवरा चालेल म्हणाली! आईनं देवापुढं साखर ठेवली आणि स्थळ आणणाऱ्या सोयऱ्याला पुन्हा फोन करून विचारायला लावलं, की मुलीचं डोकं वगैरे ठीक आहे ना. ठीक होतं. पोळा झाल्यावर येणाऱ्या रविवारी त्यांचे लोक आमचं घर बघायला येणार होते.

मध्यस्थी करणाऱ्या सोयऱ्यानं त्यांना सांगून टाकलं होतं, "दारात चारचाकी हाय." त्यावर मुलीच्या चुलत्यानं विचारलं होतं, "सोताची हाय का मागून आणलेली?"

या प्रश्नाचा राग यायचं कारण नाही. आमच्याकडं हल्ली पाहुणे येणार म्हणलं की दारात कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची गाडी आणून उभी करायची पद्धत पडली आहे. आमच्या भावकीत एकानं तर म्हैस मागून आणली होती. पाहुणे पोहे खात असतानाच ती दावं तोडून उठली आणि भर रस्त्यानं आपल्या घरी निघून गेली. यजमान मागनं "अगं, आपलं घर हे हाय" म्हणत पळाले. ते लग्न मोडलं.

आता आमची गाडी आमचीच होती. पण जुनी घेतलेली, टपावरचा रंग उन्हानं विटलेला, बॉनेटवर ओरखडे. बघणाऱ्याला वाटावं, ही कुणीतरी कंटाळून यांच्या दारात सोडून गेलंय. तेव्हा मी मनाशी ठरवलं, की गाडी अशी चमकवायची की चुलत्याला तीत स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे.

मग सुरू झाला अभ्यास. दुकानात बसून मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यातून एवढं कळालं, की तीन प्रकार असतात. एक, रबिंग कंपाउंड, ते ओरखडे काढतं. दुसरं, पॉलिश, ते विटलेला थर घासून खालची चमक वर आणतं. तिसरं, वॅक्स, म्हणजे मेण, ते त्या चमकीवर पांघरूण घालतं. त्यातलं कोणतं घ्यायचं यावर दुकानात दिवसभर परिषद चालायची. एकजण म्हणाला, खोबरेल तेल लावा. दुसरा म्हणाला, "आरं डिझेलचं फडकं मार, आमचा ट्रॅक्टर बघ कसा दिसतो." (त्याचा ट्रॅक्टर मी बघितला आहे. त्यावर अख्ख्या शिवाराची धूळ बसलेली असते.)

घरी बायको वैशाली म्हणाली, "आवं, कोणतं तरी एकच घ्या. सोपं असंल ते."

"वैशाली, रोग तीन हायेत. ओरखडे, विटलेला रंग आन पुढं पाऊस. तीन रोगाला एक औषध कसं पुरंल?"

मी बीडला जाऊन तिन्ही डबे आणले.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. त्या दिवशी दुकानाकडं कुणी फिरकत नाही, सगळे बैलांचा साज घ्यायला बाजारात. शिवाय ऊनही कडक पडलं होतं. श्रावणात असं ऊन नशिबानं मिळतं. मी गाडी लिंबाच्या सावलीतून काढून मुद्दाम उन्हात आणली. डबे फोडले. आणि एक स्वच्छ बादली घेतली.

विकास बागेतून येत होता. तो थांबला.

"दादा, बादली कशाला?"

"कालवायला."

"काय कालवायला?"

"तिन्ही."

"दादा, त्या डब्यावर काय लिवलंय ते आधी वाच की. न्हाई तर एका कोपऱ्यात लावून तरी बघ."

"तू मला औषध शिकवतो का बे? अर्धं नेकनूर माझ्या सांगण्यावरून फवारतं."

विकास गप बसला. मोठ्या भावापुढं तो बोलत नाही. आमच्या घरची ही शिस्त फार चांगली आहे, फक्त त्या दिवशी ती मोडली असती तर बरं झालं असतं.

मी कंपाउंड ओतलं, पॉलिश ओतलं, वॅक्सचा गोळा काठीनं काढून टाकला आणि ढवळलं. दह्यासारखं दाट झालं. तेवढ्यात माझ्या डोक्यात ती कल्पना आली, जिचं नाव काढलं की मी आजही विषय बदलतो. पावसाळ्यात फवारणी करताना आम्ही औषधात स्टिकर टाकतो. स्टिकर म्हणजे चिकटवणारं द्रावण. ते टाकलं की औषध पानाला घट्ट धरून बसतं, पावसानं धुऊन जात नाही. मी म्हणलं, रविवारपर्यंत एखादी सर आली तर आपली सगळी चमक वाहून जाईल. दुकानातून आणलेली बाटली घरात होतीच. टाकलं. लिहिलेलं होतं त्याच्यापेक्षा दोन ढक्कन जास्तीचं, आणि वर एक, घरचं काम म्हणून.

वैशाली ओट्यावरून बघत होती. "आवं, गाडी हाय का कपाशी?"

मी उत्तर दिलं नाही. जाणकार माणसानं कामाच्या वेळी उत्तरं देऊ नयेत.

आधी फवारणीच्या पंपात भरून बघितलं. पंपानं एकदा खाकरल्यासारखा आवाज केला आणि नोझल कायमचं बुजलं. मग घराला चुना लावायचा ब्रश काढला. टपापासून सुरुवात करून खालपर्यंत एक हात झकास दिला. पहिला हात जरा पातळ वाटला, म्हणून वर दुसरा दिला. नंतर मला कळालं, की हे मेण एवढंसं, बोटाच्या टोकावर मावेल इतकं घ्यायचं असतं, वीतभर जागेत लावायचं असतं आणि सुकायच्या आत पुसून काढायचं असतं. हे सगळं डब्यावर चित्रासकट छापलेलं होतं. मी गाडी उन्हात वाळत घातली, हातपाय धुतले, पोटभर वरण-भाकरी खाल्ली आणि जरा आडवा झालो.

जाग आली ती आईच्या हाकेनं. "सुभ्या! ऊठ रे, गाडीला काय झालं बघ."

मी बाहेर आलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. डाळिंबी गाडी कुठंच नव्हती. तिच्या जागी एक पांढरट, राखाडी, खडबडीत वस्तू उभी होती. जुन्या माळवदाच्या घराला पांढऱ्या मातीनं सारवावं तशी ती वरून खालपर्यंत सारवलेली दिसत होती, ब्रशच्या रेघांसकट. काचेच्या कडा बुजल्या होत्या. टपावर लिंबाचा पाला चिकटला होता. ब्रशचे केस चिकटले होते. आणि बॉनेटच्या मधोमध एक कोंबडीचं पीस चिकटलं होतं, तेही आडवं नाही, उभंच्या उभं.

मी फडकं घेऊन जोरात पुसायला गेलो. फडकंच चिकटलं. ओढलं तर फाटलं, पण सुटलं नाही.

जिथून डबे घेतले त्या बीडच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं विचारलं, "लावल्यावर किती वेळानं पुसलं?"

"जेवलो, जरा पडलो, आन आता पुसायलो."

तो म्हणाला, "पातळ लावलं असंल तर निघंल."

"दोन हात दिलेत. ब्रशनं. आन स्टिकर टाकलंय."

"काय टाकलंय?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "जरा थांबा, फोन स्पीकरवर टाकतो, आता परत सांगा." मी परत सांगितलं. पलीकडं बरीच माणसं असावीत. हसण्याचा आवाज थांबेना, म्हणून शेवटी मीच फोन ठेवला.

ठेवला आणि तेवढ्यात वाजला. मला वाटलं दुकानदारालाच दया आली. तर फोनवर मुलीचे वडील.

"राम राम सुभाषराव. म्हणलं उद्या आमुशा. पुढं गौरी-गणपतीची गडबड, मग पित्तरपाठ. उगं लांबायचं. म्हणून आजच निघालोत. तेलगाव सोडलंय आता."

"आज?" मी विचारलं.

"हां. आन अश्विनी पण संगं हाय. ती म्हणली, मला राहायचंय तर घर मीच बघणार."

"या, या की," मी म्हणलं. दुसरं काय म्हणणार? तेलगाव सोडलंय म्हणल्यावर परत जा म्हणता येतं का?

घरात सांगितलं. आई मटकन खाली बसली. "पोरगी येती? सोता? आपल्याला बघाया?" तिच्या हयातीत असलं काही ऐकलं नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं, की आपण आज घातलेलं लुगडं जुनं आहे, आणि ती घरात पळाली. विकास मात्र गाडीकडं बघत नुसता उभा होता. तो काही बोलला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मला सोसलं असतं. तो एवढंच म्हणाला, "असू दे दादा. ह्या स्थळाचं बी काय खरं नव्हतंच." ते ऐकून माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोरा गेला, दुकान गेलं, सगळं गेलं, एवढं त्या क्षणी वाटलं.

मग जो तो हाताला येईल ते घेऊन गाडीला भिडला. वैशालीनं कढत पाणी ओतलं, ते कमळाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळून गेलं. (स्टिकर खरंच चांगल्या कंपनीचं होतं, हे व्यापारी म्हणून मला कबूल करावं लागेल.) आई राख आणि काथ्या घेऊन आली, भांडी घासायचा. तिला मी हात जोडून थांबवलं. मग मला ते दुकानातलं डिझेलचं बोलणं आठवलं. डिझेलचं फडकं मारलं तर वरचा थर जरा मऊ पडला आणि त्याचा चिखल झाला. त्याच वेळी रस्त्यानं एक मालट्रक गेला आणि मागची सगळी धूळ येऊन त्या चिखलावर बसली.

"ताडपत्री टाकू वर," मी म्हणलं.

वैशाली म्हणाली, "झाकून ठिवल्यावर तर मागून आणलेलीच वाटंल. म्हणतील, खालचा नंबर लपवलाय."

"मग मागं बागंत नेऊन लावतो."

"मग म्हणतील चारचाकी हायच न्हाई, सोयरा खोटं बोलला. ते लई वाईट."

तिचं बरोबर होतं. दाखवावी तर अब्रू जाते, लपवावी तर लग्न जातं. मी ताडपत्री हातात धरून तसाच उभा राहिलो.

आणि नेमके त्या वेळी अण्णा गावातून आले.

आमचे अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या हातात वाटी होती, वाटीत हळद आणि तूप कालवलेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून तो हळद-तुपानं मळायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आमंत्रण द्यायचं. आमच्या दावणीला आता बैल नाहीत. शेवटची जोडी विकली तेव्हापासून दर पोळ्याला अण्णा या दिवशी रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. या वर्षी मात्र ते सरळ गाडीपाशी आले.

"अण्णा, कुठं निघालाव?"

"ओझं कोण वाहतंय आपलं आता? हीच की. दवाखान्याला ही, बाजाराला ही, खताची पोती आणाया ही. मग हिचा खांदा मळाया नगं?"

"अण्णा, पाहुणे यायलेत. आज राहू द्या."

"पाहुणे येतेत म्हणून का सण थांबतो?" आणि मग जरा दबक्या आवाजात म्हणाले, "लई दिसांनी हाताला हळद लागली रं, सुभ्या." यापुढं त्यांना अडवायची माझी छाती झाली नाही. एवढी वाईट झालीच आहे, अजून काय वाईट होणार, असाही विचार मी केला. तो चुकला.

अण्णांना दिसतं कमी. गाडीचा रंग बदललाय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. चाकाच्या वरचा भाग म्हणजे खांदा, असा हिशेब करून त्यांनी मायेनं मळायला सुरुवात केली. तूप गेलं कुठं तरी, पण हळद त्या पांढऱ्या थरात अशी मुरली की बघता बघता दोन्ही खांदे पिवळेधमक झाले. हात पुसायला म्हणून त्यांनी बॉनेटवरही चार पंजे उमटवले. आता गाडी वर पांढरी, मधे राखाडी, खांद्यावर पिवळी आणि डोक्यावर पीस, अशी सजून उभी होती. अण्णांनी समाधानानं तिच्यावर हात ठेवला आणि बैलाच्या कानात सांगावं तसं वाकून, पण मोठ्यानं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

"उद्या?" मागून कुणीतरी म्हणालं.

मी वळून बघितलं. रस्त्याच्या कडेला जीप उभी होती आणि फाटकात तिघं. मुलीचे वडील, चुलता आणि हातात पर्स धरलेली स्वतः अश्विनी. चुलता वडिलांना म्हणत होता, "आज न्हाई म्हणतेत. उद्या जेवाया या म्हणतेत. फोनवर तर या म्हणलं होतं."

"तुमाला न्हाई हो," मी धावलो, "ते गाडीला म्हणले."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. मग गाडीकडं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती, तर मी पुढचं-मागचं काही विचारलं नसतं.

चहा झाला. बघायला येणाऱ्यांच्या कपांतूनच झाला. कान असलेले कप पाहुण्यांना मिळाले, मी बिनकानाचा धरून बसलो. चुलता कप हातात घेऊनच उठला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"येक पक्कं झालं," चुलता बसत म्हणाला. "ही गाडी मागून आणलेली न्हाई."

"कशावरून?" वडिलांनी विचारलं.

"आसली गाडी कोण कुणाला मागंल?"

वडील हसले नाहीत. ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागले, आणि ती नजर आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. आईनं पदर तोंडाला लावला. एवढ्यात अश्विनी उठली आणि सरळ गाडीपाशी गेली. मी मागं मागं. तिनं नखानं त्या थरावर एक रेघ ओढून बघितली. थर निघाला नाही.

"हे काय लावलंय?"

"पॉलिश," मी म्हणलं. "आन वॅक्स. आन रबिंग कंपाउंड."

"एकत्र?"

"एकत्र."

"आन हे चिवट कशानं झालंय?"

खोटं बोलायची इच्छा खूप होती, पण ती शेतीचं शिकलेली होती. "स्टिकर टाकलंय. पावसानं जाऊ नये म्हणून."

"फवारणीचं स्टिकर?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी आजवर सुकलेल्या पानाकडं बघत आलो होतो. "प्रमाण किती घेतलं?"

"जरा जास्तीच."

ती ओट्यावर आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मला ह्यांच्याशी बोलायचंय." ह्यांच्याशी म्हणजे विकासशी. चुलत्यानं भुवया वर केल्या, आईनं देवाचं नाव घेतलं, आणि ते दोघं घरामागं बागेकडं गेले.

ते परत येईपर्यंत ओट्यावर जे झालं त्याला बसणं म्हणत नाहीत. अण्णा खुशीत होते. त्यांनी मुलीच्या वडिलांना आपल्या विकलेल्या जोडीची सगळी कुळकथा ऐकवली. वैशाली दारातून माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यात आमच्या लग्नापासूनच्या सगळ्या गोष्टी होत्या. मी देवाला म्हणालो, माझी अब्रू घे, गाडी घे, पण पोराचं होऊ दे. आजवर एवढ्या मनापासून मी देवाशी बोललो नव्हतो.

दोघं परत आले. अश्विनी वडिलांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. वडिलांनी तिच्याकडं बघितलं, विकासकडं बघितलं, मग डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आमच्या पोरीला पसंत हाय."

कुणालाच कळालं नाही काय झालं. आई "काय म्हणले, काय म्हणले" करत वैशालीला विचारायला लागली. वैशाली रडायला लागली. अण्णांनी शांतपणे विचारलं, "कुणाला पसंत पडलं?" मी तर पाहुण्यांच्या पाया पडायला वाकलो होतो, चुलत्यानं दंडाला धरून उठवलं.

"पर येक हाय सुभाषराव," तो म्हणाला. "नवरदेवाची गाडी आमच्याकडून यील. तुमी तिला हात लावायचा न्हाई."

मी लगेच कबूल केलं.

पाहुणे गेले. आई साखर वाटायला गावात पळाली. मी विकासला बागेच्या कडेला गाठलं. मला राहवेना. गाडीची अशी दशा दारात उभी असताना ह्यानं त्या मुलीला काय असं सांगितलं?

"काय म्हणली बे ती? काय विचारलं?"

"दोनच गोष्टी विचारल्या," विकास म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यासमोर लाजत होता. "पयली म्हंजी, गाडीचं हे तुमी केलं का?"

"मग?"

"मी म्हणलं, न्हाई. दादानं."

"आन दुसरी?"

"बागंची फवारणी कोण करतं?"

"मग?"

"मी म्हणलं, मीच करतो. दादाला बागंत पाऊल टाकू देत न्हाई."

मला आजवर वाटत होतं, की मोठ्या भावाला कष्ट नकोत म्हणून हा मला बागेत बोलवत नाही.

"मग ती काय म्हणली?"

"म्हणली, मग काय हरकत न्हाई."

तेव्हापासून दुकानात, लग्नाकार्यात, पाहुण्यारावळ्यांत मी छाती पुढं काढून सांगतो, की आमच्या विकासचं लग्न माझ्यामुळं जमलं. माझ्यामुळं म्हणजे कसं, ते मात्र त्याची बायको सांगते.